फिट येणाऱ्या किशोरवयीन मुलांना रोजची कामं ऑनलाइन शिकवताना

उंबरठा (धागाकर्ती)

अपस्मार असलेली १२ ते १८ वयाची बरीच मुलं अभ्यासात ठीक असतात, पण स्वतःची गोळी काढून घेणं, कपडे धुणं, पाणी गरम करणं यातलं काही येत नसतं. जमत नाही म्हणून नव्हे, कोणी करू दिलेलं नसतं म्हणून. "तू बस, मी देते" यात वर्षं निघून गेलेली असतात. हा धागा ही कामं व्हिडिओ कॉलवरून शिकवणाऱ्यांसाठी. औषध कोणतं आणि डोस किती यावर इथे चर्चा नको, ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं काम.

पहिल्या सेशनआधी घरच्यांकडून एक गोष्ट नीट काढून घ्या: फिट दिसते कशी. नुसतं "फिट येते" एवढ्यावर कामाची निवड करता येत नाही. जुवेनाइल मायोक्लोनिक प्रकारात झोपेतून उठल्यावर थोड्या वेळात हात उडतात, हातातला कप फेकल्यासारखा जातो. अशा मुलाला सकाळी गरम पाण्याचं काम शिकवणं म्हणजे भाजणं ओढवून घेणं; तेच काम संध्याकाळी ठेवा. ॲब्सेन्समध्ये काही सेकंद मूल 'नसतं' आणि मधली पायरी गळते. ॲटॉनिकमध्ये अंगातला जोर एकदम जातो, म्हणजे स्टूलवर चढणं, उभं राहून काही उतरवणं बाद. भान हरपणाऱ्या फोकल (मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या) फिटमध्ये हात आपोआप चाळे करत राहतात, जे हातात असेल त्याचे. हातात सुरी असेल तर सुरीचे.

त्यानंतर कामाच्या पायऱ्या लिहा आणि प्रत्येक पायरीसमोर एकच प्रश्न टाका: इथे हात थांबला किंवा सुटला, तर काय होईल? उत्तर 'काही नाही' किंवा 'सांडेल' असेल तर पायरी चालेल. 'भाजेल', 'बुडेल', 'पडेल' असेल तर मुलाला सावध राहायला शिकवू नका, पायरीच बदला. फिटमध्ये सावध राहता येत नाही.

पहिलं काम म्हणून मी कपडे धुण्याचं मशीन सुचवेन. कपडे वेगळे करणं, भरणं, साबण मोजणं, बटण, बाहेर काढणं, वाळत घालणं; हात कुठेही थांबला तरी इजा नाही. फक्त वाळत घालायचं स्टँड कमरेच्या उंचीचं हवं, स्टूलवर चढायचं काम निघू नये.

सेकंदकाटा

चांगला धागा. कॅमेऱ्याबद्दल लिहितो, कारण सगळं तिथेच फसतं.

व्हिडिओ गोठला की मूल गोठलं, हे पडद्यावर अगदी सारखं दिसतं. ॲब्सेन्स फिट साधारण ५ ते १५ सेकंदांची असते आणि नेटवर्कही तेवढंच अडकतं. उपाय साधा आहे: मुलाच्या मागच्या भिंतीवर, चौकटीत दिसेल असं सेकंदकाट्याचं घड्याळ लावायला सांगा. काटा फिरतोय आणि मूल हलत नाही, तर नेटवर्कला दोष देऊ नका. काटाही थांबला तर कॉल गोठलाय. पण त्यामागे मूल ठीक आहे हे त्यातून कळत नाही, म्हणून घरच्या माणसाला लगेच साधा फोन. आभासी पार्श्वभूमी बंद ठेवा, नाहीतर घड्याळच पुसलं जातं. आवाज गाळणारी सोयही बंद करा. ती बोलणं ठेवते आणि भांडं पडल्याचा आवाज गाळून टाकते, आणि आपल्याला नेमका तोच ऐकायचा असतो.

लॅपटॉप टेबलावर ठेवला की नुसता चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. फोन स्टँडवर, कोपराच्या उंचीला, बाजूने तिरका लावा. चेहरा आणि दोन्ही हात एका चौकटीत आले पाहिजेत. दोन उपकरणं जोडली तर दुसऱ्याचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो.

आणि एक भ्रम सोडा: आपलं "थांब!" उशिरा पोचतं. बऱ्या नेटवर्कवर किंचित, वाईट नेटवर्कवर दोन-तीन सेकंद. तेवढ्यात हात तव्यावर गेलेला असतो. थांबवणारा माणूस घरातच हवा, हाकेच्या अंतरावर. ॲटॉनिक फिट येत असतील तर हाताच्या अंतरावर. तो माणूस नसेल तर त्या दिवशी फक्त बोलायचं-लिहायचं काम.

दुपारची_उन्हं

प्रकाशाने फिट येणाऱ्यांचं काय? मग ऑनलाइन शिकवायचंच नाही का?

सेकंदकाटा

शिकवायचं. प्रकाशसंवेदी अपस्मार एकूण रुग्णांपैकी सुमारे ३ टक्क्यांमध्ये असतो, मुलं आणि किशोरवयात त्याचं प्रमाण जास्त. त्रास होतो तो सेकंदाला ३ ते ३० वेळा होणाऱ्या उघडझापीचा आणि ठसठशीत पट्ट्यांचा, कॉलमधल्या चेहऱ्याचा नाही. खोलीत दिवा चालू, पडदा मध्यम उजेडाचा, नाकापासून हातभर लांब. आपल्या बाजूने हलती स्टिकर्स, चमचम करणारी बक्षिसाची ॲनिमेशन्स आणि स्क्रीन शेअर करून भराभर सरकवणं बंद. मुलाला एक हालचाल शिकवून ठेवा: काही लुकलुकलं की एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा आणि मान वळवायची. दोन्ही डोळे नुसते मिटू नयेत, पापणीतून प्रकाश आत जातो आणि डोळे मिटण्याच्या क्षणी त्रास वाढूही शकतो.

गोळीडबी

औषधांची डबी भरणं हे सगळ्यात मोलाचं काम आहे आणि सगळ्यात वाईट तेच शिकवलं जातं, म्हणून विस्ताराने.

डबी सात दिवसांची, सकाळ-रात्र मिळून १४ कप्प्यांची. टेबल रिकामं, गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या एका बाजूला, चौदाही झाकणं उघडी. आता एक औषध घ्यायचं आणि ते आठवडाभर भरत जायचं, मग दुसरं. एकेक दिवस पूर्ण करत जायचं नाही. कारण असं: मध्येच भान गेलं किंवा लक्ष उडालं तर पहिल्या पद्धतीत 'गुरुवारपर्यंत पांढरी आहे, पुढे नाही' हे डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या पद्धतीत एखाद्या कप्प्यात चारऐवजी तीन गोळ्या असतात आणि तो कप्पा भरलेलाच वाटतो.

भरून झालं की मोजणी. प्रत्येक कप्प्यात किती गोळ्या हव्यात तो आकडा डबीच्या झाकणाच्या आत लिहिलेला असावा, सकाळचा वेगळा, रात्रीचा वेगळा. मग झाकणं उघडी असतानाच वरून फोटो. तुम्ही तो बघा, पण तुमचं "बरोबर आहे" हे शेवटचं नसावं. दोन पांढऱ्या गोल गोळ्या कॅमेऱ्यात ओळखता येत नाहीत. शेवटची तपासणी घरातल्या मोठ्या माणसाची, पट्ट्या हातात घेऊन.

गोळी घेण्याचा क्रमही शिकवायला लागतो. गजर वाजला की मुलं आधी गजर बंद करतात आणि मग विसरतात. क्रम उलटा करा: फोन डबीशेजारीच ठेवायचा, गजर वाजत राहू द्यायचा, तिथे जायचं, कप्पा उघडायचा, गोळ्या गिळायच्या, कप्पा उघडाच ठेवायचा, आणि मग गजर बंद. नंतर "घेतली का?" असा प्रश्न आला तर उत्तर डोक्यातून द्यायचं नाही, डबीतून द्यायचं. कप्पा उघडा आणि रिकामा म्हणजे घेतली. स्मरणशक्ती मंदावलेल्या मुलांत दोनदा गोळी घेतली जाण्याचं कारण हेच असतं, आठवतंय असं वाटणं.

विसरलेला डोस किती तासांपर्यंत घ्यायचा, उलटी झाली तर काय, हे औषधागणिक बदलतं. डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून घ्या आणि डबीला चिकटवा. मूल त्या ओळी वाचून काय करणार ते सांगू शकतं का, एवढंच आपण तपासायचं. लॅमोट्रिजिन हे फिटवरचं औषध काही दिवस सलग चुकलं तर पहिल्याच डोसवर परत जाता येत नाही, छोट्या डोसपासून चढावं लागतं, अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका असतो. 'दोन-चार दिवस राहून गेलं, आता चालू केलं' असं मुलांनी परस्पर करू नये म्हणून ही गोष्ट त्यांना माहीत हवी.

पायवाट

@गोळीडबी, एक भर. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्या हवेतला ओलावा ओढतात. आठवडाभर आधी फॉइलमधून काढून डबीत टाकल्या तर शुक्रवारपर्यंत चिकट होतात.

गोळीडबी

बरोबर, राहिलं. त्या फॉइलसकट कापून कप्प्यात ठेवायच्या, कोपरे कात्रीने गोल करून. आणि 'फॉइल काढ' ही पायरी घेण्याच्या यादीत वेगळी लिहायची. फॉइलसकट गिळली गेली तर घशाला इजा होते. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत, हे गोळी गिळायला कंटाळणाऱ्या मुलांना मुद्दाम सांगा.

दुपारची_उन्हं

अंघोळ कशी शिकवता? कॅमेरा तर लावता येणार नाही.

उंबरठा

कॅमेरा न्हाणीघरात कधीच नाही, चालू कॉलवर घरच्यांनी धरलेला फोनही नाही. हे पहिल्या दिवशी लेखी ठरवून टाका.

कोरडी तालीम घ्यायची. खोलीत, पूर्ण कपड्यांत, रिकामं स्टूल, रिकामा मग, बंद साबण. पायऱ्या हाताने करून दाखवायच्या आणि तोंडाने म्हणायच्या. मग चित्रांचं कार्ड, पाण्याने खराब होणार नाही असं, आत टांगायचं. खरी अंघोळ मूल एकटं करतं, बाहेरचा माणूस फक्त आवाज ऐकतो, नंतर कॉलवर मूल स्वतः कार्डावर खुणा करतं.

टब नको. फिट येणाऱ्यांसाठी घरातली बुडण्याची सगळ्यात मोठी जागा तीच, आणि त्यासाठी फार पाणी लागत नाही. शॉवर, शक्यतो बसून. बसायचं स्टूल रुंद, रबरी पायांचं. पाणी जाण्याच्या जाळीवर टॉवेल टाकून पाणी तुंबवायचं नाही, पडलं तर तोंड त्यात जातं. आधी गार, मग गरम, बंद करताना आधी गरम. हीटरचं तापमान ४९ अंश सेल्सिअसपेक्षा वर ठेवू नका; ६० अंशांना काही सेकंदांत कातडी भाजते आणि फिटमधलं मूल बाजूला होत नाही. अंघोळीची वेळ अशी की घरात कोणी जागं असेल.

पायवाट

कडीबद्दल लिहा. सगळ्या पत्रकांत 'कडी लावू नका' एवढंच असतं. पंधरा वर्षांच्या मुलीला हे सांगितलं की ती एकतर गुपचूप कडी लावते किंवा अंघोळच टाळते. लाज हा घटक मोजलाच जात नाही.

उंबरठा

मान्य. दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, बाहेरून नाण्याने उघडता येईल अशी कडी, किंवा दारावर 'आत आहे' अशी पाटी आणि घरात कोणीही न ठोठावता आत न येण्याचा नियम. नियम घरच्यांनीही पाळायचा, नाहीतर मुलगी कडी लावणारच, आणि तिचं चुकत नाही. दोन, दार बाहेर उघडणारं करून घ्या. आत उघडणाऱ्या दाराला टेकून पडलं की कडी नसूनही दार उघडत नाही. हे कोणी लक्षात घेत नाही.

बाहेरून ऐकणाऱ्याने काय बोलायचं हेही ठरवा. दर मिनिटाला "ठीक आहेस ना?" नको. दोन मिनिटांनी एक टकटक, आतून एक टकटक. उत्तर आलं नाही तर पुन्हा एक, मग दार उघडायचं.

चूलबोळकी

स्वयंपाकघर. सुरुवात मायक्रोवेव्ह नाहीतर इंडक्शनपासून, उघडी आच शेवटी. आणि तीही डॉक्टर नि घरचे 'हो' म्हणाले तरच.

कपभर गरम पाणी, चहा-कॉफीसाठी. किटलीत कपभरच पाणी, भरून नाही. कप सिंकमध्ये ठेवायचा आणि तिथेच ओतायचं. हात उडाला तरी पाणी सिंकमध्ये जातं, मांडीवर नाही. मग कप तिथेच दोन-तीन मिनिटं निवू द्यायचा. झाकणाचा कप घ्यायचा. गरम भांडं घेऊन चालायचं नाही, ते ओट्यावरून सरकवायचं. ताट भांड्याकडे न्यायचं, भांडं ताटाकडे नाही. गॅसवर काम आलंच तर मागचा बर्नर, भांड्याची मूठ आतल्या बाजूला. उकडलेलं काढायला जाळीची टोपली पाण्यातच आधी ठेवायची, टोपली उचलली की झालं, भांडं ओतायचं काम उरत नाही. चिरायला किसणी किंवा झाकणाचा चॉपर. सुरी वापरायची झाली तर बसून, भाजी बोर्डवर घट्ट, बोटं आत वळवलेली.

ज्यांना फिट येण्याआधी कळतं (पोटातून काही वर येणं, विचित्र वास, भीती) त्यांच्यासाठी तीन शब्दांची कवायत: सोड, मागे, बस. हातातलं सोडायचं, एक पाऊल मागे, जमिनीवर बसायचं. यात 'गॅस बंद कर' घालू नका. सूचना मिळते ती काही सेकंदांची, आणि तेवढ्यात हात आचेकडे जातो. बंद करणं टायमरचं नाहीतर घरच्या माणसाचं काम. प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला अचानक "सोड!" म्हणायचं आणि तीन सेकंदांत मूल जमिनीवर आहे का बघायचं. हातात तेव्हा प्लास्टिकचं भांडं असावं, एवढं तारतम्य ठेवा. अनेकांना अशी सूचना मिळतच नाही, त्यामुळे या कवायतीच्या भरवशावर पायरी धोकादायक ठेवायची नाही.

कानमात्रा

शिकवण्याच्या पद्धतीवर. शेजारी बसून शिकवताना हात धरता येतो, इथे येत नाही. मग कॉलवर बडबड वाढते, तिकडून आई बोलते, आणि मूल दोघांच्या मध्ये अडकतं. बोलणारा एकच. आईला काम द्या: स्टॉपवॉच आणि खुणांचा कागद, पावलं दीड-दोन मागे. हातात पेन असलं की हात पुढे येत नाही. (ॲटॉनिक असेल तर आई जवळच, पण पेन तरीही हातात.)

सूचना एकदाच, चार-पाच शब्दांत, मग मनात दहापर्यंत मोजा. टोपिरामेट, फेनोबार्बिटोनसारख्या औषधांवर उत्तर उशिरा येतं. पाचव्या सेकंदाला दुसरी सूचना टाकली की पहिलीही जाते. मेंदूच्या डाव्या टेम्पोरल (कानाजवळच्या) भागातून फिट येणाऱ्यांना ऐकलेल्या याद्या टिकत नाहीत, त्यांना फोटो द्या. फ्रंटल (कपाळामागचा भाग) असेल तर पायऱ्या पाठ असतात पण सुरुवातच होत नाही. त्यांना पायऱ्यांपेक्षा सुरुवातीची खूण लागते, उदाहरणार्थ मशीनवर ठेवलेली रिकामी टोपली.

मागून शिकवणं ऑनलाइन चांगलं चालतं. घरच्या माणसाने पहिल्या सगळ्या पायऱ्या करायच्या, मुलाने फक्त शेवटची. पुढच्या वेळी शेवटच्या दोन. दरवेळी काम पूर्ण झाल्याचं मुलाच्याच हातून होतं. फक्त डबी भरणं असं शिकवू नका, तिथे क्रम पहिल्यापासूनच लागतो.

दुपारची_उन्हं

सुरुवातीला मूल घाबरलेलं असतं, तेव्हा दीर्घ श्वास घ्यायला लावले तर?

कानमात्रा

सावकाश श्वास चालेल, भराभर खोल श्वास नको, फुगे फुगवण्याचे खेळही नकोत. जोरात श्वसनाने ॲब्सेन्स फिट येते. इइजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) काढताना ती मुद्दाम आणायला हेच करायला लावतात. शांत व्हायला थंड पाण्याचा घोट आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं पुरतात.

सेकंदकाटा

सेशनमध्येच फिट आली तर. शिकवणाऱ्याच्या समोर एक कागद कायम हवा: मुलाचा आत्ता आहे तो पत्ता (आजोळी असेल तर तो), घरातल्या माणसाचा फोन, दुसऱ्या एकाचा फोन, फिट किती वेळ चालते, तातडीचं औषध लिहून दिलंय का आणि कुठे ठेवलंय. प्रत्येक कॉलच्या सुरुवातीला पहिल्या दोन ओळी विचारायच्या, कंटाळा आला तरी.

फिट सुरू झाली की तुम्ही वेळ मोजायची आणि मोठ्याने सांगायची: "एक मिनिट झालं." घरच्या माणसाला वेळेचं भान राहत नाही, तुमचा खरा उपयोग तो. बाकी छोटी वाक्यं: जमिनीवर, डोक्याखाली मऊ, आजूबाजूचं लांब, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, झटके थांबले की कुशीवर. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्धीवर न येता दुसरी सुरू झाली, किंवा नंतर श्वास नीट वाटत नाही, डोक्याला मार आहे, तर रुग्णवाहिका. तातडीचं औषध डॉक्टरांनी लिहिलेल्या मिनिटाला, आपल्या अंदाजाने नाही. भान हरपून मूल चालायला लागलं तर समोरून अडवू नका, बाजूने हळू वळवा.

सगळं अंग आखडून झटके आले असतील तर त्या दिवसाचं सेशन संपलं. दुसऱ्या दिवशी झोप, डोकेदुखी विचारून दोन पायऱ्या मागून सुरू करा. विसरलेल्या पायऱ्या 'नापास' म्हणून मांडू नका.

पायवाट

घराबाहेरचं एकच सांगतो. मित्रांना सांगायचं वाक्य मुलाकडून पाठ करून घ्या, २० सेकंदांचं, लाजत न पुटपुटता: "मला फिट येते. आली तर कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, घड्याळ बघ. पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका बोलव." फोनच्या लॉक स्क्रीनवर वैद्यकीय माहिती भरणं हेही एक सेशन आहे. भरल्यावर फोन कुलूपबंद करून दुसऱ्या माणसाला ती उघडता येते का बघा. बहुतेकदा 'लॉक असताना दाखवा' हे चालूच केलेलं नसतं.

दुपारची_उन्हं

एखादं काम 'आलं' असं कधी म्हणायचं?

उंबरठा

वेगवेगळ्या दिवशी सलग तीन वेळा, सूचनेशिवाय, त्यातलं एकदा आई-बाबा खोलीबाहेर असताना (धोक्याच्या कामात खोलीत, पण गप्प). मग दोन आठवडे ते काम कॉलवर घ्यायचंच नाही आणि अचानक करायला सांगायचं. तेव्हा जमलं तर आलं. नोंदीच्या कागदावर पायरीच्या रकान्याशेजारी तीन रकाने आणखी ठेवा: कालची झोप किती तास, शेवटची गोळी किती वाजता, शेवटची फिट कधी. जमलेलं काम एकदम घसरलं तर आधी हे तीन बघा, आणि नवीन औषध किंवा बदललेला डोस विचारा. कागद डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला घरच्यांनी सोबत न्यावा.

चूलबोळकी

@उंबरठा, त्यात एक रकाना 'कितव्या पायरीवर थांबलं' असा घाला. रोज एकाच पायरीवर थांबत असेल तर पायरी चुकीची लिहिली आहे. रोज वेगळ्या पायरीवर, मध्येच, काही सेकंद थांबत असेल तर ते घरच्यांना सांगा. त्यांनी न मोजलेल्या ॲब्सेन्स असू शकतात.